चिमणराव ते बाबुली मेस्त्री : एका चरित्र अभिनेत्याविषयी दोन मते

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४चा. विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण, औषधनिर्मिती क्षेत्रातली नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटकाच्या तालमी, अशी त्यांची सुरुवात झाली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण त्यांनी केली, मतकरींच्याच ‘आरण्यक’मधला विदुर केला, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चिमणराव केला. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षे मराठी प्रेक्षक त्यांना नव्या नव्या माणसांच्या रूपात पाहत आला आहे. ‘साळसूद’मधला खलपुरुष, ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, टिपऱ्यांचे आबा, महात्मा गांधी आणि २०२५ साली ‘दशावतार’मधला बाबुली मेस्त्री. यांतले चिमणराव आणि आबा छोट्या पडद्यावर वाढले, आणि घराघरांत सगळ्यांत खोल रुजले तेही हेच दोघे.

या कारकिर्दीचा अर्थ लावताना दोन मते समोर येतात. एक मत असे की, चरित्र अभिनेत्याचे मोठेपण स्वतःला पुसून टाकण्यात आहे. प्रेक्षकाला माणसाऐवजी नट दिसला की काम फसले. दुसरे मत असे की, पुसून टाकण्याची ही चैन फार थोड्यांना परवडते. दूरचित्रवाणी चेहरा देते, त्या चेहऱ्यावर घर चालते, म्हणून नटाची किंमत करताना त्याच्या कामाच्या अटी आधी पाहायला हव्यात. पहिले मत येथे महाडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या तोंडी घातले आहे. दुसरे, मुंबईत मालिकांची सहायक दिग्दर्शक म्हणून काम करणाऱ्या त्यांच्या पुतणीच्या. दोघे चवदार तळ्याच्या काठी बोलत आहेत, आणि बोलण्यात तळे येते ते विषयाच्या ओघातच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एक, चित्र कृष्णधवल, वरळीच्या केंद्रातला स्टुडिओ आणि आठवड्यातून एकदा येणारी मालिका, एवढ्या सामग्रीवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ उभी राहिली. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची होती. मूळ लेखन चिं. वि. जोशी यांचे. बडोद्याला पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या आणि जातककथा मराठीत आणणाऱ्या या विद्वानाने सज्जन, भित्रा आणि कायम अडचणीत सापडणारा मध्यमवर्गीय चिमणराव आणि त्याचा दांडगा, दंडुकेधारी मावसभाऊ गुंड्याभाऊ अशी जोडी मराठीला दिली. मालिकेपूर्वी ती पडद्यावर येऊनही गेली होती. १९४०च्या ‘लग्न पाहावं करून’ आणि १९४२च्या ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे प्रभावळकरांच्या वाट्याला कोरी पाटी आलेली नव्हती. लोकांनी वाचलेला आणि एकदा पाहिलेला माणूस त्यांना पुन्हा उभा करायचा होता.

काका : “मी तेव्हा मुंबईला परळात मामांकडे शिकायला होतो. आपल्या महाड-पोलादपूरची निम्मी माणसं गिरणीत, आणि चाळीत टीव्ही एकाच खोलीत. चिमणराव लागला की दारापर्यंत गर्दी. आमच्या मामांनी दामुअण्णांचा चिमणराव पाहिलेला. ते म्हणायचे, दामुअण्णा पडद्यावर आले की आम्ही दामुअण्णांना हसायचो. त्यांचा तो तिरळा डोळा, तो चेहरा, हसू आधीच यायचं. प्रभावळकरांचं तसं नव्हतं. हा नुसता चिमणराव होता. नट कोण, कुठला, याची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. चरित्र अभिनय म्हणतात तो हाच. माणूस आत जातो आणि दार लावून घेतो.”

पुतणी : “काका, चौकशी केली नाही याचं कारण दुसरंही असेल. तेव्हा एकच वाहिनी होती. मुलाखती नाहीत, जाहिराती नाहीत, मोबाइल नाही. लोकांना नट माहीत असायची सोयच नव्हती. आज पहिल्या भागाआधी महिनाभर त्या नटाचा चेहरा बसच्या पाठीवर असतो. तो लपणार कुठे?”

हे उत्तर वजनदार आहे, पण पुरेसे नाही. त्याच मालिकेतले बाळ कर्वे हेही त्या काळी फारसे परिचित नव्हते. मुंबई महापालिकेत नोकरी करणारा हा गुणी रंगकर्मी गुंड्याभाऊ झाला आणि पुढे कितीही कामे केली तरी लोकांच्या लेखी गुंड्याभाऊच राहिला. ऑगस्ट २०२५मध्ये ते गेले, तेव्हा बातम्यांमध्ये त्यांच्या नावाला लागून गुंड्याभाऊचे नाव होते. दूरचित्रवाणीवरच्या नटाचे हे जुने प्राक्तन आहे. एकच मालिका, एकच केंद्र, एकाच जोडीतले दोन नट. एकाला भूमिकेने कायमचे ठेवून घेतले, दुसऱ्याला जाऊ दिले. असे का झाले, हाच या विषयाचा गाभा आहे.

काका : “उत्तर सोपं आहे, बाळ. कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्यांच्या अंगाशी जुळणारा होता. धिप्पाड माणूस, भरदार आवाज. प्रभावळकरांनी चिमणरावात स्वतःचं असं काही ठेवलंच नव्हतं, मग मागे राहणार काय? पुढे त्यांनी ‘साळसूद’ केला. काल ज्याला हसलो त्याचीच भीती वाटायला लागली. तरी कुणी म्हणालं नाही की हा आपला चिमणराव वाईट वागतोय.”

पुतणी : “मला ते अर्धंच पटतं. गुण होतेच, नाही कोण म्हणतंय? पण नाही म्हणायला पोटात अन्न लागतं. चिमणराव गाजल्यावर तसल्याच भित्र्या माणसाच्या भूमिका रांग लावून आल्या असतील, त्या नाकारायच्या कशाच्या जोरावर? महिन्याला पगार येत होता म्हणून. आमच्या सेटवरच्या नटाला ती मुभा नाही. बारा तासांची शिफ्ट, पैसे दिवसावर, महिन्यात किती दिवस बोलावतील ते कथेतल्या त्याच्या ट्रॅकवर अवलंबून, आणि हातात पैसे पडायला साधारण तीन महिने. एका मालिकेत प्रेमळ सासरा केलेल्या माणसाला दुसऱ्या मालिकेतूनही प्रेमळ सासराच विचारतात. तो नाही म्हणाला तर दुसरा उभा असतो. स्वतःला पुसून टाकायचं म्हणजे ओळख सोडायची, आणि ओळख हीच त्याची कमाई आहे.”

तिचे म्हणणे मराठी रंगभूमीच्या इतिहासाला धरून आहे. एका मोठ्या पिढीने बँक, पालिका, विमा, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्या आधारावर नाटक केले. रवी पटवर्धन हे रिझर्व्ह बँकेत होते. ‘आरण्यक’मध्ये धृतराष्ट्र, दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’मधला गावकरी, चित्रपटांत करारी पाटील आणि अखेरच्या वर्षांत ‘अग्गंबाई सासूबाई’तले आजोबा, अशी त्यांची वाटचाल. या माणसांना नोकरीने वेळ दिला नाही, उलट खाल्ला. पण तिने त्यांना वाईट काम नाकारण्याचे बळ दिले. आजचा मालिकेतला नट पूर्णवेळ नट आहे. त्याची कला सुट्टीच्या दिवसाची राहिलेली नाही ही चांगली गोष्ट, पण नकार देण्याची त्याची ताकद त्याच वेळी कमी झाली.

तरी काकांचे एक उत्तर बिनतोड आहे. “पगार तर कर्व्यांनाही होता,” ते म्हणतात. “मग ते का अडकले?” नोकरीचे कारण खरे असले तरी एकटे पुरत नाही, हे येथे मान्य करावे लागते. दोन्ही पक्षांना न सुचलेले तिसरे कारण प्रभावळकरांच्या नव्वदच्या दशकातल्या कामात सापडते.

‘चौकट राजा’ १९९१चा. दिग्दर्शन संजय सूरकर यांचे. वाढ खुंटलेल्या मनाचा, वयाने मोठा झालेला नंदू त्यात प्रभावळकरांनी केला. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात ते अशाच एका मुलाचे बाप होते. एकाच दुःखाच्या दोन बाजू एकाच नटाने दोन माध्यमांत उभ्या केल्या, आणि एकीची सावली दुसरीवर पडू दिली नाही. बापाच्या भूमिकेत थकवा, चीड आणि त्या चिडीची लाज आहे. नंदूत यातले काहीही नाही, कारण नंदूला आपले दुःख कळतच नाही. हा फरक रंगभूषेने साधत नाही. १९९३च्या ‘झपाटलेला’त ते तात्या विंचू झाले. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला रामदास पाध्यांच्या हातातला, म्हणजे नट पडद्यावर अंगाने उरतही नाही. तरी बाहुल्यातही माणूस तोच आहे, हे मुलांना पटले आणि ती घाबरली.

याच सुमारास ‘हसवा फसवी’ आले. त्यात त्यांच्या सहा भूमिका होत्या, एकाच प्रयोगात, एकामागून एक. त्यांतला कृष्णराव हेरंबकर हा संगीत रंगभूमीचा वृद्ध नट ज्यांनी पाहिला त्यांच्या बोलण्यात तो आजही येतो. हे नाटक प्रभावळकरांनी स्वतः लिहिले होते. तिसरे कारण आहे ते हेच. निर्माता आणि दिग्दर्शक ठरलेल्या चौकोनात बसवू पाहतात तेव्हा नटापुढे दोन मार्ग असतात : बसायचे, नाहीतर घरी बसायचे. लेखणी हातात असलेल्या नटाला तिसरा मार्ग मिळतो. तो स्वतःसाठी माणूस लिहितो. प्रभावळकरांच्या वैविध्याचे श्रेय त्यांच्या आवाजाला, चालीला, निरीक्षणाला दिले जाते, ते रास्तच आहे; पण त्यांच्या लेखनाला जेवढे द्यायला हवे तेवढे दिले जात नाही.

पुतणी : “हे मात्र मी लगेच मान्य करते. टिपरे पाहा ना.”

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चा उगम प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनात आहे. एका कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिशा, त्यांतून एकच घटना निरनिराळ्या डोळ्यांनी दिसते. त्यावरून केदार शिंदे यांनी मालिका केली आणि ती २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर चालली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेली ही वाहिनी तेव्हा तशी कोवळी होती. आबा टिपऱ्यांच्या भूमिकेत प्रभावळकर, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, आणि नातवंडे शलाका व शिऱ्या म्हणजे रेश्मा नाईक व विकास कदम. कारस्थान नाही, विषप्रयोग नाही, मेलेला माणूस परत येत नाही. नातवाची परीक्षा, नातीचे मित्र, मुलाच्या ऑफिसातल्या कटकटी आणि या सगळ्याकडे पाहणारा, अधूनमधून स्वतःच फजीत होणारा म्हातारा. आठवड्यातून एकदा येणारी ही मालिका होती, रोजची नव्हे, आणि तिच्या प्रतीचे अर्धे रहस्य त्यात आहे. लिहायला आणि तालीम करायला सात दिवस मिळत होते.

पुतणी : “आबा पहिल्या भागात साठीच्या पुढचे, आणि प्रभावळकर तेव्हा साठीच्या अलीकडचे. चार वर्षं तो म्हातारा ते करत राहिले. नाटकात तीन तास म्हातारपण धरून ठेवता येतं, सिनेमात चाळीस दिवस. चार वर्षं धरायचं तर म्हातारपण अंगात मुरावं लागतं. पाणी पितानाचा हात, चष्मा पुसायची पद्धत, सोफ्यावरून उठताना कशाला धरायचं, हे ठरवून केलं तर दहाव्या भागात उघडं पडतं. म्हणून म्हणते काका, मालिका हे कमी दर्जाचं काम नाही. लांबी हेच तिचं बळ आहे. आबांसारखा माणूस दुसऱ्या कुठल्याच माध्यमात तयार झाला नसता.”

काका : “आणि तिथंच माझं मत जरा ढिलं होतं, हे मी कबूल करतो. कारण आबांना पाहताना मला प्रभावळकर दिसायचे. दिसायचे आणि बरं वाटायचं. आपल्याच घरातलं कुणी असल्यासारखं.”

पुतणी : “मग त्यांनी दार लावून घेतलं नव्हतं.”

काका : “उघडं ठेवलं होतं, पण ते त्यांनी ठेवलं होतं. वाहिनीनं नव्हे.”

काकांचे हे शेवटचे वाक्य दोन्ही मतांना जवळ आणणारे आहे. चरित्र अभिनेत्याने दिसावे की दिसू नये यापेक्षा ते कोण ठरवतो, हा प्रश्न मोठा. याची दुसरी बाजू पाहा. कोकणातल्या आकेरीच्या वाड्यात घडणाऱ्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत माधव अभ्यंकरांनी अण्णा नाईक केला. पहिल्या पर्वात कथा अण्णांच्या मृत्यूपासून सुरू होते. पुढचे पर्व मागे जाऊन अण्णांच्या हयातीवर उभे राहिले आणि त्या कामाने कोकणापासून विदर्भापर्यंत दरारा बसवला. अनेक वर्षे छोटी-मोठी कामे करणाऱ्या नटाला एवढी ओळख उतारवयात मिळाली, ती दूरचित्रवाणीमुळेच. पण अण्णा नाईक हा लेखकाचा आणि वाहिनीचा. तो कधी आणायचा, कधी घालवायचा, हे नटाच्या हातात नसते.

आता तळ्याकडे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. आंबेडकर आणि हजारो प्रतिनिधी या तळ्यावर येऊन पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. डिसेंबरच्या त्या परिषदेच्या मंडपात एकच तसबीर होती आणि ती गांधींची होती, असे धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात नमूद आहे. पुढे पाच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, तेव्हा त्या तसबिरीशी असलेले नाते किती पालटले होते हे वेगळे सांगायला नको. म्हणून या काठावर बसून गांधींच्या भूमिकेविषयी बोलणे इतर कुठे बसून बोलण्यासारखे नसते.

दोन मराठी नटांचे गांधी येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, आणि दोघेही नट दूरचित्रवाणीने घराघरांत नेलेले. पहिला मोहन गोखले यांचा. केतन मेहतांच्या ‘मिस्टर योगी’ या मालिकेतला, बारा राशींच्या बारा मुली पाहत हिंडणारा परदेशस्थ वर म्हणून देशाने त्यांना ओळखले. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात ते गांधी झाले. बाबासाहेब मामुट्टी होते आणि त्या कामाला १९९८ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोखले एप्रिल १९९९मध्ये अकाली गेले. (टिपऱ्यांची सून झालेल्या शुभांगी गोखले या त्यांच्या पत्नी.) दुसरा गांधी प्रभावळकरांचा, राजकुमार हिरानींच्या २००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधला. त्यासाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’साठी मिळून प्रभावळकरांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

काका : “गोखल्यांचा गांधी मला जास्त खरा वाटतो. तो आंबेडकरांच्या समोर बसलेला गांधी आहे. मऊ बोलतो आणि जागचा हलत नाही. त्याच्याशी भांडावंसं वाटतं, आणि भांडण करावंसं वाटणं हा त्या नटाचा विजय आहे. मुन्नाभाईतला गांधी कुणाशी भांडतच नाही. गोड हसतो, सल्ला देतो. या तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला एवढा गोड गांधी पचत नाही.”

पुतणी : “पण काका, तो गांधी मुन्नाचाच आहे ना? सिनेमा स्वतःच सांगतो, तो फक्त मुन्नाला दिसतो, आणि मुन्नाला जेवढं ठाऊक तेवढंच त्याला ठाऊक. वाचनालयात चार दिवस पुस्तकं वाचून एका टपोरीच्या डोक्यात जो गांधी तयार होईल तो प्रभावळकरांनी केला. इतिहासातला गांधी त्यांनी केला असता तर ते चुकलं असतं. उलट मी म्हणते तुमचं मत इथं सगळ्यांत जास्त खरं ठरतं. नटानं स्वतःला तर पुसलंच, वर इतिहासातला मोठा माणूसही थोडा पुसला आणि एका साध्या पोराच्या कल्पनेतला उभा केला.”

काका : “पुसला, हे बरोबर. पण जे पुसलं त्यात आमचं भांडण गेलं.”

पुतणी : “ते लेखकानं पुसलं. नटावर त्याचा राग कशाला?”

हा वाद येथे मिटत नाही आणि मिटवण्याची गरजही नाही. त्यातून चरित्र अभिनेत्याच्या कामाची एक मर्यादा मात्र स्पष्ट होते : संहितेत जो माणूस नाही तो नटाला आणता येत नाही, फार तर तो नाही हे जाणवू देता येते. थोर व्यक्तींच्या भूमिकांत ही मर्यादा सर्वांत जड होते. सागर देशमुख यांनी २०१९मध्ये ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ या चित्रपटात पु. ल. देशपांडे साकारले आणि त्याच वर्षी स्टार प्रवाहवरच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ या मालिकेत बाबासाहेब. सचिन खेडेकर श्याम बेनेगलांच्या चित्रपटात सुभाषचंद्र बोस होते आणि बेनेगलांच्याच ‘संविधान’ या २०१४च्या मालिकेत आंबेडकर. चष्मा, सूट, हातातले पुस्तक यांनी ओळख पटते, पण महाडच्या प्रेक्षकाला ती पुरत नाही. येथे २० मार्चला दरवर्षी दूरदूरून माणसे येतात, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांनी सांगितलेले बाबासाहेब आहेत. पडद्यावरच्या नटाची तुलना छायाचित्राशी होत नाही, त्या सांगण्याशी होते. काकांच्या मते अशा भूमिकेत नटाने अनुकरणाच्या मागे लागू नये, विचार करणारा माणूस दाखवावा. पुतणीला हे मान्य आहे. फक्त रोजच्या मालिकेत, सकाळी हातात पडलेल्या पानांवर दुपारी चित्रीकरण करताना, विचार करणारा माणूस दाखवायला नटाला विचार करायची सवड तरी द्या, एवढे तिचे मागणे आहे.

चरित्र अभिनेत्याच्या आयुष्यातला उरलेला मोठा विषय म्हणजे वय. नायकाचे वय झाले की त्याची कामे संपतात. चरित्र अभिनेत्याची तेव्हा वाढतात, असा समज आहे. २०२०ने तो किती कच्चा आहे हे दाखवले. करोनामुळे थांबलेली चित्रीकरणे सुरू करण्यासाठी राज्य सरकारने ३० मे २०२० रोजी नियम काढले आणि त्यांत ६५ वर्षांवरील कलाकार व तंत्रज्ञांना सेटवर येण्यास मनाई केली. हेतू त्यांना जपण्याचा होता. परिणाम असा झाला की, मालिकांमधले आजी-आजोबा एका फटक्यात बेकार झाले, आणि हे सगळे दिवसावर पैसे घेणारे लोक. एका ७० वर्षांच्या कलाकाराने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली. इतर व्यवसायांत या वयाच्या माणसाला दुकान उघडता येते तर नटालाच काम का करता येऊ नये, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

पुतणी : “तेव्हा आम्ही सेटवर टाळ्या वाजवल्या होत्या. आणि पुढच्याच महिन्यात आशालताबाई गेल्या.”

आशालता वाबगावकर गोव्याच्या. ‘मत्स्यगंधा’तली सत्यवती, हिंदी-मराठी चित्रपटांतल्या असंख्य आया, आणि मालिका. ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेचे चित्रीकरण साताऱ्याकडे चालू असताना तिथल्या बऱ्याच जणांना लागण झाली, त्यांत त्या होत्या. २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले. वय ७९.

काका : “मग सरकारचंच बरोबर होतं म्हणायचं का?”

पुतणी : “नाही काका. मनाई चूक होती. बरोबर काय होतं सांगू? घरी बसवायचं तर घरी बसल्याचे पैसे द्यायचे, आणि सेटवर बोलवायचं तर त्यांच्या जिवाची जबाबदारी घ्यायची. दोन्हींतलं एकही झालं नाही. म्हातारा नट दोन्हीकडून उघड्यावर.”

या मुद्द्यावर तिच्या म्हणण्याला उत्तर नाही. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा या गोष्टी नोकरी सांभाळून नट झालेल्या पिढीला होत्या. त्या नोकरीतून मिळत होत्या, अभिनयातून नव्हे. अभिनय हीच नोकरी झाल्यावर त्या कुठून येणार, याची व्यवस्था मालिकांच्या उद्योगाने केलेली नाही. काकांचे मत कलेपुरते खरे असले तरी ज्याला उद्याचा दिवस मिळेल की नाही ठाऊक नाही त्याच्याकडे स्वतःला पुसून टाकण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि ही बाजू कलेच्या चर्चेत फार उशिरा येते.

सप्टेंबर २०२५मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ प्रदर्शित झाला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. तळकोकणातला दशावतारी नट बाबुली मेस्त्री ही त्यातली मध्यवर्ती भूमिका त्यांची. नजर अधू झालेल्या या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा आता खेळ थांबवा म्हणतो. बाबुली शेवटचा खेळ करायचे कबूल करतो, आणि पुढे जे घडते त्यातून तो एकेका अवताराचे सोंग घेऊन जंगलात उतरतो. पन्नास वर्षे दुसऱ्यांची रूपे घेतलेल्या नटाने, आयुष्यभर दुसऱ्यांची रूपे घेणारा नट केला. रानात, रात्री, जड पेहरावात, रंगाच्या थराखाली. कोकणी माणसाला हा खेळ परका नाही. गावच्या जत्रेत रात्रभर चालणारा, लिखित संहिता नसलेला, नटाने आयत्या वेळी बोलून उभा करायचा. त्यातल्या नटाला दिवसा शेतावर किंवा कामावर जावे लागते आणि रात्री राजा व्हावे लागते. नोकरी सांभाळून नाटक ही शहरी मध्यमवर्गाची रीत म्हणून वर सांगितली गेली, पण दशावताऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली आहे.

काका : “बघ, शेवटी माझंच खरं. अवतारामागून अवतार येतात आणि प्रभावळकर कुठंच नाहीत. बाबुलीच आहे.”

पुतणी : “सगळे पाहायला गेले होते ते प्रभावळकरांना, काका. पोस्टरवर तेच होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या नावावर लोक तिकीट काढतात, हे त्या पन्नास वर्षांच्या ओळखीचं व्याज आहे. चिमणराव, आबा, तात्या विंचू, सगळे त्या तिकिटात होते.”

काका : “तिकीट काढताना असतील. अंधार झाल्यावर नव्हते.”

पुतणी : “ते मान्य. पण मला एक सांगा, हा भाग मालिकेत कुणी लिहिला असता? मालिकेतले आजोबा झोपाळ्यावर असतात. महिन्यातून सहा-आठ दिवस त्यांना बोलवायचं, सुनेला आशीर्वाद द्यायला लावायचं आणि ट्रॅक बदलला की गावाला पाठवून द्यायचं.”

यावर काका टिपऱ्यांच्या आबांचा दाखला देतात, आणि तो वीस वर्षांपूर्वीचा आहे, आठवड्याच्या मालिकेतला आहे आणि नटाने स्वतः लिहिलेल्या माणसाचा आहे, हेही त्यांनाच पुढे सांगावे लागते. म्हाताऱ्या नटासाठी म्हाताऱ्या माणसाचा पुरता भाग आजच्या रोजच्या मालिकांत लिहिला जात नाही, याबाबत दोघांत दुमत उरत नाही.